वीज आली, सर्व्हर उठले, पण देखरेख उठली नाही : सोलापुरातील एका टॉवेल कारखान्याचे प्रकरण

कारखाना आणि त्याची देखरेख

सोलापुरात अक्कलकोट रस्त्यावरच्या औद्योगिक वसाहतीत टेरी टॉवेल विणून निर्यात करणारा एक मध्यम आकाराचा कारखाना आहे. त्याचे नाव येथे देण्याचे कारण नाही. सूत आत येण्यापासून कंटेनर भरून बाहेर पडेपर्यंतचा सगळा हिशेब ईआरपी या व्यवस्थापन-सॉफ्टवेअरवर चालतो. ती ईआरपी, तिचा डेटाबेस, फाइल सर्व्हर आणि हजेरीच्या यंत्रांचा सर्व्हर अशी मोजकी यंत्रे लेखा विभागामागच्या वातानुकूलित खोलीत आहेत. त्यांच्यावर लक्ष ठेवण्यासाठी एका जुन्या, वेगळ्या मशिनवर नागिओस कोअर हे देखरेखीचे सॉफ्टवेअर चालवले जाते. ते दर काही मिनिटांनी प्रत्येक सर्व्हरची डिस्क, मेमरी आणि सेवा तपासते, बिघाड दिसला तर मोडेममधून एसएमएस पाठवते आणि सद्यस्थिती एका वेबपानावर दाखवते. कारखान्याने हे पान कार्यालयातल्या भिंतीवरच्या टीव्हीवर कायमचे उघडून ठेवले होते.

नागिओसचे हे मशिन पूर्वी सेंटओएस 6 या लिनक्सच्या आवृत्तीवर चालत असे. त्या आवृत्तीचा आधार नोव्हेंबर 2020 मध्ये संपल्यानंतर बाहेरच्या एका सेवा पुरवठादाराने ते अल्मालिनक्स 8 या नव्या लिनक्सवर हलवले, नागिओस 4.4 मूळ कोडवरून बांधून बसवले आणि जुन्या कॉन्फिगरेशनच्या फाइली जशाच्या तशा उचलून नव्या जागी ठेवल्या. त्यानंतर मशिन एकदाही रीबूट झाले नव्हते. संगणक विभागात ही गोष्ट अभिमानाने सांगितली जात असे. माझ्या मते एखाद्या लिनक्स मशिनबद्दल यापेक्षा धास्तावणारे वाक्य कमी असेल, कारण असे मशिन पुन्हा उठते की नाही, हे कोणीच पाहिलेले नसते.

काय घडले

मे महिन्यातल्या एका संध्याकाळी वळवाचा पाऊस आला आणि वाऱ्याने वीज गेली. डिझेल जनरेटर चालू होऊन भार घेईपर्यंतची थोडी सेकंदे यूपीएसने सांभाळायची असतात, पण यूपीएसने तेवढाही तग धरला नाही. त्याचे कारण खोलीबाहेर होते. जागा वाचवण्यासाठी यूपीएस पत्र्याच्या छताखालच्या पॅसेजमध्ये ठेवला होता. त्यातल्या सीलबंद लेड-ॲसिड बॅटऱ्यांचे आयुष्य साधारण 25 अंश सेल्सिअस तापमान धरून सांगितलेले असते आणि त्यावर दर दहा अंशांमागे ते जवळपास निम्मे होते, असा या धंद्यातला ठोकताळा आहे. सोलापूरच्या उन्हाळ्यात पारा 42-43 अंशांवर जाणे नवे नाही, मग पत्र्याखाली काय होत असेल हे वेगळे सांगायला नको.

सर्व यंत्रे एकाच वेळी धाडकन बंद पडली. वीज आल्यावर ती आपोआप चालू व्हावीत अशी बायोसमध्ये, म्हणजे यंत्राच्या मूळ सेटिंगमध्ये, सोय होती, त्याप्रमाणे ती झालीही. सकाळी लेखा विभागातल्या कर्मचाऱ्याने टीव्हीवर नेहमीचे पान उघडले, ते सगळे हिरवे दिसले, आणि काम सुरू झाले.

काही दिवसांनी दुपारच्या पाळीत पॅकिंग विभागात बारकोडची लेबले निघेनाशी झाली. ईआरपी नोंद घ्यायला तयार नव्हती. डेटाबेसच्या सर्व्हरवर लॉग (कामाच्या नोंदी) साठवण्याची डिस्क काठोकाठ भरली होती आणि जागाच नसल्याने डेटाबेस थांबला होता. अशी डिस्क 85 टक्क्यांवर गेली की नागिओसने इशारा द्यायचा आणि 95 टक्क्यांवर गेली की धोक्याचा एसएमएस पाठवायचा, अशी मांडणी होती. यांतले काहीच झाले नाही. संगणक विभाग पाहणारा तरुण पुन्हा पुन्हा एवढेच सांगत होता, "साहेब, टीव्हीवर तर अजूनही सगळं हिरवंच आहे. डिस्क 71 टक्के दाखवतंय."

जुने लॉग दुसरीकडे हलवून लेबलांचे काम त्याच दुपारी सुरू झाले. या लेखाचा विषय तो नाही. प्रश्न असा होता की डिस्क भरलेली असताना टीव्ही 71 टक्के कसे दाखवत होता.

हिरवे पान खोटे नव्हते, शिळे होते

नागिओसचे वेबपान आणि नागिओसची तपासणी करणारी प्रक्रिया या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे रोज पान पाहणाऱ्यांच्याही पुष्कळदा लक्षात येत नाही. तपासणी करणारी प्रक्रिया दर काही सेकंदांनी सद्यस्थिती एका फाइलमध्ये लिहून ठेवते. वेबपान बनवणारा कार्यक्रम अपाचे या वेब सर्व्हरच्या आधाराने चालतो आणि ती फाइल वाचून तक्ता दाखवतो. नागिओस रीतसर बंद केले तर जाता जाता ते ही स्थिती-फाइल पुसून टाकते आणि मग पानावर यजमान (तपासली जाणारी यंत्रे) व सेवांची माहिती वाचता येत नसल्याची चूक स्पष्ट दिसते. येथे मात्र वीज अचानक गेली होती. फाइल पुसायला नागिओसला संधीच मिळाली नाही. वीज आल्यावर अपाचे उठले, नागिओस उठले नाही, आणि अपाचे त्या वादळी संध्याकाळची फाइल वाचून दर वेळी नव्याने तोच तक्ता दाखवत राहिले.

या गोंधळात भर घालणारी आणखी एक बारीक गोष्ट आहे. पानाच्या डोक्यावर 'शेवटचे अद्ययावत' म्हणून जी वेळ दिसते ती पान तयार झाल्याची वेळ असते. आतली माहिती केव्हाची आहे, हे ती सांगत नाही. पान स्वतःला ठरावीक काळाने ताजे करत असल्यामुळे ही वेळ पुढे सरकत राहते आणि पाहणाऱ्याला सगळे जिवंत वाटते. खरी वेळ प्रत्येक सेवेसमोरच्या 'शेवटची तपासणी' या स्तंभात असते, आणि त्या स्तंभात वीज गेली त्या संध्याकाळची तारीख गोठलेली होती. टीव्हीवर अक्षरे लांबून वाचता यावीत म्हणून पान मोठे करून ठेवले होते, त्यामुळे हा स्तंभ उजवीकडे पडद्याबाहेर गेला होता.

सेवा सुरू का होत नव्हती

दुरुस्तीसाठी मी पोहोचण्याआधी संगणक विभागातल्या त्या तरुणाने बरेच काही करून पाहिले होते, आणि त्यातले बहुतेक चुकीचे नव्हते. सेवा चालू-बंद करणाऱ्या सिस्टिमसीटीएल या कमांडने नागिओसच्या सेवेची स्थिती पाहिल्यावर ती 'फेल्ड', म्हणजे अयशस्वी, दिसत होती. सेवा बूटच्या वेळी आपोआप सुरू होण्यासाठी नोंदवलेली आहे का, हेही त्याने पाहिले. ती नोंदवलेली होती. रीबूटनंतर एखादी सेवा उठली नाही की पहिला संशय इथेच घ्यावा, कारण हाताने सुरू केलेली आणि नोंदवायची राहून गेलेली सेवा हे या आजाराचे सर्वांत साधे रूप आहे. येथे ते नव्हते.

पुढे त्याने नागिओसची स्वतःची कॉन्फिगरेशन तपासणी चालवली. तिने शून्य चुका, शून्य इशारे दाखवून 'सगळे ठीक दिसते' असा शेरा दिला. सेवा सुरू करायला गेले की ती लगेच पडे. मग एसईलिनक्स या लिनक्सच्या सुरक्षा-यंत्रणेवर संशय गेला. सेटएन्फोर्स या कमांडने त्याचा अंमल तात्पुरता सैल करून पाहिले, तरी फरक पडला नाही. फरक पडला नाही म्हणजे एसईलिनक्स या प्रकरणात निर्दोष आहे, एवढा चांगला निष्कर्ष त्यातून निघत होता, पण अंमल पुन्हा लागू करायचा राहून गेला होता. तो आधी पूर्ववत केला. कॉन्फिगरेशन बरोबर, एसईलिनक्सचा संबंध नाही, म्हणजे सॉफ्टवेअरच बिघडले असणार आणि ते पुन्हा बसवावे, असा विचार चालू होता. तो वेळीच थांबला हे बरे झाले, कारण पुन्हा बसवताना नमुना कॉन्फिगरेशन जुन्यावर येऊन बसले असते तर वर्षानुवर्षे जमवलेल्या तपासण्यांची मांडणी विस्कटली असती, आणि मूळ दोष तसाच राहिला असता.

उत्तर जर्नलमध्ये, म्हणजे लिनक्सच्या नोंदवहीत, होते. ती वाचणाऱ्या जर्नलसीटीएल या कमांडला केवळ नागिओसच्या आणि केवळ चालू बूटच्या नोंदी मागितल्यावर पडद्यावर थोड्याच ओळी आल्या, आणि त्यांतल्या शेवटच्या दोन कामाच्या होत्या. पहिलीचा आशय असा की '/व्हार/रन/नागिओस/नागिओस.लॉक' या फाइलवर कुलूप मिळवता आले नाही, कारण अशी फाइल किंवा फोल्डर अस्तित्वात नाही. दुसरीत, पार्श्वभूमीत जाण्याच्या प्रयत्नात चूक आल्याने काम सोडून देत असल्याचे लिहिले होते.

नागिओसच्या दोन प्रती एकाच वेळी चालू नयेत म्हणून ते सुरू होताना एक लॉक फाइल तयार करते आणि तिच्यात आपला प्रक्रिया क्रमांक लिहिते. फाइल ते स्वतः बनवते. ती ज्या फोल्डरमध्ये बनवायची, ते फोल्डर मात्र आधीपासून असावे लागते. कॉन्फिगरेशनची तपासणी हे फोल्डर आहे की नाही ते पाहत नाही, म्हणून तिचा शेरा 'ठीक' आला आणि त्यानंतर सेवा पडली. दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या होत्या.

फोल्डर गेले कुठे, याचे उत्तर दोन आवृत्त्यांमधल्या फरकात आहे. सेंटओएस 6 मध्ये '/व्हार/रन' हे डिस्कवरचे साधे फोल्डर होते. बूटच्या वेळी त्यातल्या जुन्या फाइली साफ होत, पण आतली फोल्डरे राहत. बूटच्या वेळी सेवा सुरू करणारी सिस्टिमडी ही यंत्रणा आल्यापासूनच्या आवृत्त्यांत '/व्हार/रन' ही नुसती '/रन' कडे नेणारी खूण आहे, आणि '/रन' मेमरीत असते. वीज गेली की ते पूर्ण नाहीसे होते आणि पुढच्या बूटला कोरे तयार होते. जुने कॉन्फिगरेशन जसेच्या तसे उचलून आणल्यामुळे लॉक फाइलचा जुना पत्ताही सोबत आला होता. घर बदलले तरी पत्र जुन्याच पत्त्यावर जात राहावे, तसा हा प्रकार.

पण मग नव्या मशिनवर नागिओस इतके दिवस चालले कसे? रूट या सर्वाधिकारी वापरकर्त्याच्या कमांडच्या इतिहासात बरेच मागे गेल्यावर तीन ओळी सापडल्या. पहिलीने हे फोल्डर हाताने तयार केले होते, दुसरीने त्याची मालकी नागिओस या वापरकर्त्याला दिली होती आणि तिसरीने सेवा सुरू केली होती. इतिहासात वेळ नोंदवण्याची सोय चालू नसल्याने या ओळींना तारीख नव्हती, पण त्यांच्या आगेमागे अपाचे आणि पीएचपी बसवण्याच्या ओळी होत्या, त्यामुळे त्या स्थलांतराच्या दिवसाच्याच, याबद्दल शंका राहिली नाही. म्हणजे हीच चूक पुरवठादाराच्या माणसालाही त्या दिवशी दिसली होती. त्याने मेमरीत फोल्डर बनवले, नागिओस चालू झाले, आणि काम पूर्ण म्हणून तो निघून गेला. त्या क्षणापासून हे मशिन पुढच्या रीबूटची वाट पाहत होते.

दुरुस्ती कोणती करावी

तेच फोल्डर पुन्हा हाताने बनवणे हा मिनिटभराचा उपाय होता. तो केला, कारण देखरेख तातडीने सुरू व्हायला हवी होती. तो कायमचा उपाय नव्हता, हे वरच्या तीन ओळींनी दाखवलेच आहे.

कायमचे तीन मार्ग होते. लॉक फाइलचा पत्ता बदलून थेट '/रन' मध्ये ठेवणे हा सर्वांत सरळ मार्ग, आणि नवीन मांडणी असती तर मी तोच घेतला असता. पण येथे बॅकअपची आणि लॉग फिरवण्याची कारखान्यातली दोन जुनी स्क्रिप्टे जुन्या पत्त्यावरूनच प्रक्रिया क्रमांक वाचत होती, आणि एक पत्ता बदलून दुसऱ्या दोन ठिकाणी नवी तूट निर्माण करण्यात शहाणपण नव्हते. दुसरा मार्ग टीएमपीफाइल्सच्या यादीत एक ओळ लिहिण्याचा, म्हणजे दर बूटला सिस्टिमडी ते फोल्डर ठरलेल्या मालकीने तयार करते. तिसरा मार्ग सेवेच्या युनिट फाइललाच, म्हणजे सेवा कशी चालवायची हे सांगणाऱ्या फाइललाच, 'रनटाइमडिरेक्टरी' ही सूचना देण्याचा, म्हणजे सेवा सुरू होण्याच्या लगेच आधी फोल्डर तयार होते आणि सेवा थांबली की ते काढून टाकले जाते. आम्ही तिसरा निवडला. सेवा आणि तिला लागणारे फोल्डर यांची नोंद एकाच ठिकाणी राहते, आणि पुढे कोणी सेवा दुसऱ्या मशिनवर नेली तर ही सूचना युनिटसोबत जाते.

मालकीबद्दल येथे थोडे थांबायला हवे. नागिओस 4.3.3 च्या आधीच्या आवृत्त्या रूटचे अधिकार सोडून दिल्यानंतर लॉक फाइल बनवत, त्यामुळे ते फोल्डर नागिओस वापरकर्त्याच्या मालकीचे असणे भाग होते. त्यात एक सुरक्षेची त्रुटी होती : ज्याच्या हाती नागिओसचे खाते गेले तो त्या फाइलमध्ये हवा तो प्रक्रिया क्रमांक लिहू शके, आणि रूटच्या अधिकाराने चालणाऱ्या स्क्रिप्टने तो क्रमांक विश्वासाने वाचून प्रक्रिया थांबवली तर भलतीच प्रक्रिया मारली जाई. ही त्रुटी 2017 मध्ये नोंदवली गेली आणि तेव्हापासून अधिकार सोडण्याआधीच, म्हणजे रूट म्हणूनच, लॉक फाइल बनवली जाते. म्हणून 4.4 मध्ये फोल्डरची मालकी रूटकडे राहिली तरी चालते, किंबहुना तीच राहायला हवी. पुरवठादाराच्या दुसऱ्या ओळीतली मालकी बदलण्याची कमांड ही जुन्या आवृत्तीची सवय होती. प्रक्रिया क्रमांक वाचणारी दोन स्क्रिप्टे ज्या मशिनवर आहेत तिथे ती सवय चालू ठेवणे मला मान्य नव्हते.

युनिटची मूळ फाइल न बदलता सिस्टिमसीटीएलच्या संपादनाच्या सोयीने दोन ओळींची जोड-फाइल तयार केली. मूळ फाइल बदलली असती तर नागिओसची पुढची आवृत्ती बसवताना ती पुन्हा कोरी झाली असती.

नागिओस उठल्यावर दिसलेले आणखी दोष

सेवा सुरू झाली आणि टीव्हीवर एकदम लाल पट्ट्या आल्या. ईआरपीच्या सर्व्हरवरच्या सगळ्या आतल्या तपासण्या 'यजमानाकडे जाणारा मार्ग नाही' अशी चूक देत होत्या. शब्द वाचून सर्वांचे लक्ष नेटवर्ककडे गेले, एकाने स्विचमधली केबल काढून पुन्हा लावली, पण पिंग, म्हणजे यंत्र नेटवर्कवर उत्तर देते का हे पाहणारी हाक, पहिल्यापासून व्यवस्थित जात होते. मार्ग नसता तर पिंगही गेले नसते. ही चूक लिनक्सच्या फायरवॉलचीही असू शकते. फायरवॉलडी ही फायरवॉल चालवणारी सेवा एखादे कनेक्शन नाकारताना 'प्रशासकीय मनाई' असे उत्तर पाठवते आणि समोरचे मशिन त्याचे भाषांतर 'मार्ग नाही' असे करते. पोर्टवर, म्हणजे यंत्राच्या क्रमांकित नेटवर्क-दारावर, कोणी ऐकतच नसेल तर 'कनेक्शन नाकारले' असे येते, आणि फायरवॉल गुपचूप पाकीट टाकून देत असेल तर बराच वेळ वाट पाहून मुदत संपते. हा तिहेरी फरक लक्षात असला की केबलींना हात लावण्याची वेळ फार कमी येते.

ईआरपीच्या सर्व्हरवर फायरवॉलचे चालू नियम आणि कायमचे नियम शेजारी शेजारी काढून पाहिले, तर नागिओसचा प्रतिनिधी ज्या 5666 या पोर्टवर ऐकतो ते पोर्ट कोणत्याच यादीत नव्हते. कोणीतरी पूर्वी ते फक्त चालू नियमांत उघडले होते, 'पर्मनंट' हा शब्द न लिहिता, आणि त्या सर्व्हरचाही हा कित्येक दिवसांतला पहिलाच रीबूट होता. नियम कायमचा नोंदवून फायरवॉल पुन्हा वाचायला लावल्यावर पट्ट्या हिरव्या झाल्या.

एसएमएसही जात नव्हते. मोडेमचा पत्ता 'टीटीवाययूएसबी0' असा लिहिलेला होता, आणि असे क्रमांक उपकरणे ज्या क्रमाने सापडतील त्या क्रमाने दिले जातात. या बूटला यूपीएसच्या सिरियल केबलचा यूएसबी जोड आधी सापडला. '/डेव्ह/सिरियल' खालचा उपकरणाच्या ओळखीवरून बनणारा स्थिर पत्ता लिहिल्यावर हा प्रश्न मिटला.

पहारेकऱ्यावर पहारा

नागिओस बंद पडल्याचे नागिओस सांगू शकत नाही. त्यामुळे गोदामातल्या एका छोट्या लिनक्स मशिनवर दर दहा मिनिटांनी चालणारे एक स्क्रिप्ट ठेवले. ते नागिओसच्या मशिनवरच्या स्थिती-फाइलचे वय विचारते. हे वय सांगणारे 'चेक-नागिओस' नावाचे प्लगइन नागिओसच्या प्लगइनांच्या संचातच मिळते. ते फाइल किती मिनिटांपूर्वी बदलली आणि प्रक्रिया खरोखर चालू आहे का, हे दोन्ही पाहते. वय पाच मिनिटांपेक्षा जास्त झाले की गोदामातले मशिन स्वतःच्या मोडेममधून एसएमएस पाठवते. कार्यालयाच्या आग्रहावरून रोज सकाळी नऊ वाजता 'देखरेख चालू आहे' असा एक एसएमएसही ठेवला. तांत्रिकदृष्ट्या त्याची गरज नव्हती, पण तो आला नाही की मॅनेजर विचारणा करतात, आणि माणसाने विचारणा करणे हा माझ्या मते कोणत्याही स्क्रिप्टपेक्षा खात्रीचा उपाय आहे. टीव्हीवरचे पान लहान करून 'शेवटची तपासणी' हा स्तंभ आत घेतला.

अल्मालिनक्स 8 मध्ये जर्नलही मुळात '/रन' मध्येच राहते, त्यामुळे वीज जाण्याआधीच्या बूटच्या नोंदी जर्नलसीटीएलला सापडल्या नाहीत. '/व्हार/लॉग' मध्ये जर्नलचे फोल्डर करून ते डिस्कवर आणले.

चाचणी

एका रविवारी, शेड बंद असताना, डेटाबेस रीतसर थांबवून मुद्दाम वीज तोडली. कमांड देऊन रीबूट करण्याऐवजी वीज तोडण्याचे कारण असे की रीतसर रीबूटमध्ये स्थिती-फाइल पुसली गेली असती आणि जे पाहायचे होते तेच झाकले गेले असते. वीज परत दिल्यावर नागिओस आपोआप उठले, लॉक फाइलचे फोल्डर रूटच्या मालकीचे तयार झालेले होते, 5666 उघडे होते आणि मोडेम आपल्या जागी होता.

अडचण एकच आली. नागिओस हलके असल्याने लवकर उठले आणि डेटाबेस अजून सावरत असतानाच त्याने डेटाबेस बंद असल्याचा एसएमएस पाठवला. प्रत्येक तपासणी एका मिनिटाच्या अंतराने तीनदा फसली की बिघाड पक्का धरायचा, असे ठरलेले होते, आणि डेटाबेसला त्याहून जास्त वेळ लागत होता. ही संख्या केवळ डेटाबेसच्या सेवेपुरती वाढवून आठ केली आणि बाकीच्या सेवांना हात लावला नाही. त्याच दिवशी दुसऱ्यांदा वीज तोडून पाहिले, तेव्हा एकही खोटा एसएमएस आला नाही.